ढेरीवाल्यांची तुकडी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दर जिल्ह्याचं एक पत्रक निघालं. वर्धा जिल्ह्याचंही आहे. जिल्ह्यातल्या किती बायकांचं वजन प्रमाणाबाहेर आहे, त्यांच्या कंबरेचं आणि नितंबांचं गुणोत्तर काय, हे त्यात सापडतं. पुरुषांच्या रक्तातली साखर सापडते, रक्तदाब सापडतो. पुरुषांच्या वजनाची ओळ मात्र नाही. कारण साधं आहे. पुरुषांची उंची-वजनं निवडक घरांतच घेतात, आणि तेवढ्या नमुन्यावर राज्याचा आकडा काढता येतो, जिल्ह्याचा नाही. देशाचा आकडा मात्र स्पष्ट आहे. २००५-०६ साली भारतातल्या ९.३ टक्के पुरुषांचा बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक) २५ किंवा त्याहून अधिक होता. २०१५-१६ साली ते प्रमाण १८.९ टक्के झालं आणि २०१९-२१ मध्ये २२.९ टक्के. बायकांचं प्रमाण २४ टक्के, म्हणजे अंतर जवळपास मिटलंय.

तरीही स्थूलपणाची चर्चा निघाली की समोर बाई येते. जाहिरातीत बाई, आहारतज्ज्ञाच्या प्रतीक्षेत बाई, योगवर्गाच्या चटईवर बाई. पुरुषाची ढेरी हा विनोदाचा विषय. पानठेल्यावर कोणीतरी म्हणतं, ‘का बे, ढेरी वाढली ना तुही!’, तो हसतो, खर्ऱ्याची पुडी उघडतो आणि विषय संपतो. वर्ध्यात हे बोलणं कापूस वेचणाऱ्या किंवा निंदण करणाऱ्या माणसाला उद्देशून नसतं, त्याच्या अंगावर चरबीच नसते. ते असतं गुरुजींना, बँकेतल्या कॅशियरला, कृषी केंद्राच्या मालकाला, ट्रॅव्हल्सच्या चालकाला, आणि शेती ठोक्याने देऊन हिंगणघाट-आर्वीच्या प्लॉटवर घर बांधलेल्या शेतकऱ्याला. चाळिशीच्या आसपास या माणसाचं चालणं संपतं. शेत मोटारसायकलच्या अंतरावर जातं आणि दुकान तर घराखालीच असतं. खाणं मात्र वडिलांच्या काळाइतकंच राहतं, उलट त्यात तर्रीपोहे, आलूबोंडा आणि संध्याकाळच्या फरसाणाची भर पडते.

या माणसाला खेळाच्या मैदानावर आणून त्याचं वजन उतरवता येईल का, हा या लेखाचा प्रश्न. तो नुसता कल्पनेचा नाही. यावर जगात बऱ्यापैकी काम झालंय, भारतात त्याच्या शेजारचं काम झालंय, आणि वर्ध्यात त्याला लागणारं अर्धं सामान पडून आहे.

पण आधी माप कोणतं घ्यायचं ते ठरवू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याच्या हिशेबाने दोघेही सडपातळ. भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी चरबी पोटाभोवती साठवतो, हे याज्ञिकांचं आयुष्यभराचं संशोधन त्या एका फोटोत मावतं. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली बीएमआय २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलपणा धरावा असं सुचवलं, आणि पुरुषाच्या कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर ठेवली. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात बीएमआयने मोजलेला स्थूलपणा २८.६ टक्के आणि पोटाचा स्थूलपणा ३९.५ टक्के निघाला तो याचमुळे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तर २००६ सालीच ग्रामीण वर्ध्यात शरीराची मापं आणि रक्तदाब यांचा संबंध तपासला होता. म्हणजे प्रश्न इथल्या डॉक्टरांना नवा नाही. त्याच सेवाग्रामात राहिलेल्या गांधीजींचा बीएमआय १७.१ होता, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियतकालिकाने २०१९ मध्ये छापलं. ते कोणाला अनुकरणासाठी सांगायचं नाही. आजच्या मोजपट्टीत गांधीजी कमी वजनाचे ठरतात.

तेव्हा वर्ध्यासाठी काट्याच्या आधी टेप. आणि टेप गावात पोहोचलाही आहे. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची असंसर्गजन्य आजारांसाठी तपासणी करण्याच्या सरकारी कार्यक्रमात आशाताई एक फॉर्म भरतात. त्यात पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, ९१ ते १०० असेल तर एक, त्याहून अधिक असेल तर दोन, अशी सोय आहे. कागदावर हे उत्तम. पण आशाताई घरी येते तेव्हा पुरुष शेतात, दुकानात किंवा ठेल्यावर असतो. आणि असला तरी सून-लेकीच्या वयाच्या बाईने पुरुषाच्या पोटाभोवती टेप गुंडाळायचा, हे दोघांनाही अवघड जातं. मोजमापाचं साधन योग्य आहे, मोजायची जागा चुकलीय.

जागेचा हा मुद्दा सगळ्यात नीट समजला तो स्कॉटलंडमध्ये. तिथे पुरुष वजन कमी करण्याच्या वर्गाला जात नव्हते. ते बायकांचं काम, असं त्यांना वाटायचं. ग्लासगो विद्यापीठातल्या केट हंट, सॅली वाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग वर्गच उचलून फुटबॉल क्लबात नेला. ‘फुटबॉल फॅन्स इन ट्रेनिंग’ असं नाव. बारा आठवडे, आठवड्यातून एकदा दीड तास, स्कॉटिश प्रीमियर लीगच्या क्लबांच्या मैदानावर, क्लबाच्याच प्रशिक्षकांच्या हाताखाली. थोडा वेळ बोलणं, थोडा व्यायाम. अंगात क्लबाचा टी-शर्ट, कमरेला पावलं मोजायचं यंत्र. खाण्यात रोज सुमारे ६०० कॅलरींची कपात आणि वजनाच्या पाच ते दहा टक्के घट, एवढंच लक्ष्य. २०११-१२ मध्ये १३ क्लबांत ७४७ पुरुषांवर रीतसर चाचणी झाली. सरासरी वय ४७, सरासरी वजन ११० किलोच्या आसपास. निकाल २०१४ साली लॅन्सेटमध्ये आले. बारा महिन्यांनंतर कार्यक्रमातल्या पुरुषांचं वजन सरासरी साडेपाच किलोंनी उतरलं होतं, वाट पाहत राहिलेल्या गटाचं जेमतेम अर्ध्या किलोने. पाच टक्क्यांहून अधिक वजन गमावणारे पहिल्या गटात ३९ टक्के, दुसऱ्यात ११ टक्के. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे वर्षानंतर दहापैकी नऊ जण मोजणीला हजर होते. वजन घटवण्याच्या चाचण्यांत अनेकदा बरेच लोक मध्येच गळतात, तिथे हे प्रमाण.

हे कशामुळे झालं? फुटबॉलमुळे नाही.  भर चालण्यावर आणि साध्या व्यायामावर होता. आहारशास्त्रही नवं नव्हतं. नवं होतं ते एवढंच, की माणूस जिथे लहानपणापासून आपला समजून जातो, त्या दारातून त्याला आत घेतलं आणि त्याच्यासारखीच पोटं सुटलेली पंचवीस-तीस माणसं शेजारी उभी केली. क्लबाचाच प्रशिक्षक यांना चालवतो. एकमेकांची टर उडवणं बंद केलं नाही, उलट ते कामाला लावलं. सामान्यतः पुरुषाला वजनाविषयी सल्ला दिला तर तो मान झुकवतो आणि पुन्हा येत नाही. इथे सल्ला गप्पांच्या ओघात आला.

या निकालाचा फुगा फार फुगवू नये. साडेतीन वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा घट २.९ किलोंवर आली होती. म्हणजे निम्मं वजन परत चढलं. पण एकाही गोळीशिवाय, बारा संध्याकाळींच्या जोरावर साडेतीन वर्षांनी तीन किलो खाली राहणं, हेही वजनाच्या क्षेत्रात दुर्मीळच. याच धर्तीवर युरोपात इंग्लंड, नेदरलँड्स, नॉर्वे आणि पोर्तुगाल इथल्या १५ क्लबांत १११३ पुरुषांची ‘युरोफिट’ चाचणी झाली. २०१९ मध्ये निकाल आले: दिवसाला सुमारे ६८० पावलं जास्त, वजन अडीच किलोंच्या आसपास कमी, पण बसून राहण्याचा वेळ काही कमी झाला नाही. चालायला लावता येतं, उठवता येत नाही, असा त्याचा अर्थ. कॅनडात आइस हॉकीच्या क्लबांत आणि ऑस्ट्रेलियात पर्थच्या दोन फुटबॉल क्लबांत छोटे प्रयोग झाले. खेळ बदलला तरी साचा टिकला. इंग्लंडमध्ये तर ‘मॅन व्ही फॅट’ नावाने लठ्ठ पुरुषांच्या स्वतंत्र लीग निघाल्या. तिथे सामन्याआधी काट्यावर उभं राहायचं आणि संघाने आठवड्यात किती वजन उतरवलं त्याचे गुण मैदानावरच्या गोलांत मिळवायचे. तीन गोलांनी हरलेला संघ काट्यावर जिंकू शकतो. ही कल्पना वर्ध्याला फार जवळची आहे, त्याकडे वळायचंच आहे.

त्याआधी भारत. आपल्याकडच्या मोठ्या चाचण्या मैदानावर झाल्या नाहीत, पण त्यांतून दोन-तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली ५३१ जणांवरचा अभ्यास छापला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना आहार आणि चालण्याचा सल्ला दिल्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि गंमत म्हणजे वजन फारसं उतरलंच नाही. अमेरिकेत अशा फायद्याचं श्रेय वजन घटण्याला दिलं गेलं होतं. आपल्या लोकांत काटा हलला नाही तरी आत काहीतरी सुधारत होतं. जिल्ह्यातला एखादा कार्यक्रम फक्त किलोंवर तोलला तर तो उगाच नापास ठरेल. दुसरा अभ्यास त्याच गटाचा, २०१३ चा, फक्त नोकरदार पुरुषांचा. ३५ ते ५५ वयाच्या ५३७ पुरुषांपैकी निम्म्यांना मोबाइलवर नियमित छोटे संदेश पाठवले. दोन वर्षांत मधुमेह झालेले संदेशवाल्यांत १८ टक्के, इतरांत २७ टक्के. पुरुषाला बोलावून बसवण्याऐवजी त्याच्या खिशात हळूच टाकलेलं वाक्यही काम करतं, हे तेव्हा दिसलं.

तिसरा प्रयोग केरळातला आणि मला वाटतं वर्ध्यासाठी सगळ्यात उपयोगी, कारण तो अर्धवट फसला. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात ६० मतदान क्षेत्रांतल्या १००७ लोकांना घेऊन गावातल्याच माणसांना गटप्रमुख केलं, वर्षभर बैठका घेतल्या. दोन वर्षांनी मधुमेहाचं प्रमाण १४.९ विरुद्ध १७.१ टक्के. फरक आहे, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नाही. मात्र दारू कमी झाली आणि फळं-भाज्या वाढल्या. गावातला माणूस गटप्रमुख होऊ शकतो, हे सिद्ध झालं. तो एकटा पुरत नाही, हेही.

आणि मग महाराष्ट्राचा स्वतःचा प्रयोग, ज्याला कोणी प्रयोग म्हणत नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचं ‘दोन वेळा जेवा, पंचावन्न मिनिटांत आटपा’ हे सूत्र. मूळ मांडणी नागपूरच्या दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकारांची. दीक्षितांनी ती व्याख्यानांतून, पुस्तकातून आणि असंख्य व्हॉट्सॲप गटांतून महाराष्ट्रभर नेली. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर विरुद्ध दीक्षित हा वाद एके काळी लग्नाच्या पंगतीत रंगायचा. आहार म्हणून त्याचे गुणदोष काढायची ही जागा नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवणं तोडली तर साखर धोकादायकपणे खाली जाऊ शकते, एवढा इशारा पुरे. पण पुरुष त्यात एवढ्या संख्येने का आले, हे पाहण्यासारखं आहे. खाण्याचे नियम दोनच. कॅलरींचं मोजमाप नाही, नवी भाजी आणायची नाही, बायकोला वेगळा स्वयंपाक करायला लावायचं नाही. फुकट. आणि गटात इतर पुरुषांनी आपले ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो टाकलेले. मैदान नसलेला तो क्लबच होता. त्यात उणीव होती ती समोरासमोर हाक मारणाऱ्याची. व्हॉट्सॲपच्या गटात गप्प झालेल्या माणसाच्या दारावर कोणी येत नाही.

आता वर्धा. इथे स्कॉटलंडच्या सेल्टिक किंवा रेंजर्ससारखा, हजारो माणसं रडतात-भांडतात असा व्यावसायिक क्लब नाही. विदर्भाचा क्रिकेट संघ रणजी जिंकला (२०१७-१८, २०१८-१९ आणि पुन्हा २०२४-२५ मध्ये) तरी वर्ध्याच्या माणसाचा त्याच्याशी संबंध टीव्हीपुरता. इथे आहेत ती मंडळं. गणेश मंडळ, कबड्डीचं क्रीडा मंडळ, टेनिस बॉल क्रिकेटचा संघ, गावच्या हनुमान मंदिरामागची व्यायामशाळा. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. या भागात ‘मंडळ’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. प्रौढ पुरुष आयुष्यात ज्या दारातून बिनदिक्कत आत जातो, अशी मंडळाचं आणि देवळाचं ही दोनच दारं उरली आहेत. दवाखान्याच्या दारातून तो दुखल्याशिवाय जात नाही.

आणि इथल्या कबड्डीत एक गोष्ट आधीपासूनच आहे: काटा. हिवाळ्यात गावोगाव लागणाऱ्या सामन्यांची फ्लेक्स बघा. ‘५५ किलो वजन गट’, ‘६५ किलो वजन गट’. सामन्याआधी पोरांचं वजन होतं, जास्त भरला तर बाहेर. वजन ही सगळ्यांसमोर, हसत-ओरडत मोजायची आणि संघाच्या वतीने सांभाळायची गोष्ट आहे, हे कबड्डी खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्या देशात पुरुषाचं वजन खाजगी लाज समजली जाते, तिथे हे भांडवल आहे. मॅन व्ही फॅटवाल्यांना जे शोधून काढावं लागलं, ते देवळी-सेलूच्या पोरांना अंगवळणी पडलंय. अर्थात त्याची वाईट बाजूही इथेच आहे. गटात बसण्यासाठी दोन दिवस उपाशी राहणं, पाणी तोडणं, जाड कपडे घालून पळून घाम काढणं हे प्रकार चालतात, आणि सामना संपला की सगळं परत चढतं. चाळिशीच्या माणसाला ही सवय लावली तर त्याचं मूत्रपिंड आणि हृदय दोन्ही पणाला लागतील. म्हणून ढेरीवाल्यांचा गट किलोंच्या वर्गात बांधू नये. संघाचे गुण कंबरेच्या सेंटिमीटरवर आणि हजेरीवर द्यावेत, आणि एका महिन्यात दोन किलोंहून जास्त उतरवणाऱ्याला जादा गुण देऊ नयेत, हा माझा आग्रह.

अडचण मंडळातच आहे, आणि ती मोठी आहे. आपली क्रीडा मंडळं जिंकण्यासाठी बांधलेली आहेत. एकोणीस वर्षांचा चपळ पोरगा चढाईला जातो, बाकीचे दोरीबाहेर. चाळिशीत आलेल्या माजी खेळाडूचं मंडळातलं काम म्हणजे वर्गणी देणं, पंच होणं किंवा बक्षीस वाटपाला व्यासपीठावर बसणं. त्याच्या हातात माईक येतो, मैदान कधीच वाट्याला येत नाही. सार्वजनिक बागांमध्ये सरकारी पैशातून लावलेली खुली व्यायामशाळेची यंत्रं आहेत, पण तिथे माणूस एकटा, आणि एकट्या पुरुषाला दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो. वर्ध्याच्या हनुमान टेकडीवर सकाळी फिरणारे दिसतात, ते बहुतेक आधीच फिरणारे. ज्याला आणायचंय तो अजून झोपलेला असतो.

तेव्हा ढेरीवाल्यांची स्वतंत्र तुकडी हवी, आणि ती पोरांच्या तुकडीच्या मैदानावरच हवी, त्यांच्या सरावाआधी किंवा नंतर. स्कॉटलंडच्या अनुभवातून हे उघड आहे. जिल्हा क्रीडा संकुलात शासनाने आयोजित केलेलं ‘स्थूलता निर्मूलन शिबिर’ म्हटलं तर कोणी येणार नाही. त्या नावाच्या फ्लेक्सखाली उभं राहायची कोणाची छाती नाही. ‘जुन्या खेळाडूंची तुकडी’ म्हटलं तर येतील. आणि सुरुवात खेळाने नको. दहा वर्षांनी मैदानात उतरलेला माणूस पहिल्याच दिवशी चढाईला गेला तर गुडघा किंवा टाच तरी जाते, किंवा छातीत कळ येते. एका दमात चढाई करणं हे ज्याचा रक्तदाब मोजलेला नाही त्याच्यासाठी धाडस आहे. आधी सेवाग्राम किंवा सावंगीच्या दवाखान्यात रक्तदाब, साखर आणि गरज पडल्यास ईसीजी, मग महिनाभर नुसतं चालणं, मग खो-खोच्या खांबांमधली हलकी धाव, आणि शेवटी कबड्डी, तीही लहान वेळेची, पकडीविना.

ऋतूचाही हिशेब इथे वेगळा. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या वर जातो. स्कॉटलंडचं बारा आठवड्यांचं वेळापत्रक इथे दसऱ्यानंतर सुरू केलं तर कापसाच्या वेचणीत सापडतं. शेतीवाल्यांना तेव्हा वेळ नाही, नोकरदारांना आहे. मार्चनंतर तर पहाटेच काय ते. मला तर पोळा झाल्यावर, गणपतीच्या आसपास सुरू करून दिवाळीपर्यंतचे आठेक आठवडेच चालवणं शहाणपणाचं वाटतं. हो, मधे गणपतीचा महाप्रसाद येतो. येऊ द्या. ज्या कार्यक्रमात पंगत आल्यावर काय करायचं हे शिकवलेलं नाही, तो विदर्भात टिकणार नाही.

खाण्याच्या बाबतीत एक गोष्ट परदेशातून तशीच उचलता येत नाही. तिथले पुरुष निदान कधीतरी स्वतः खरेदी करतात, स्वतः शिजवतात. वर्ध्यातल्या त्याच वयाच्या पुरुषाला विचारा, महिन्याला तुमच्या घरी तेलाचे किती पाऊच लागतात? सांगता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून तेल दहा टक्क्यांनी कमी करा असं सांगितलं, तेव्हा ते बोलणं ऐकलं पुरुषांनी आणि अंमल करायचा होता बायकांनी. तुकडीच्या पहिल्याच बैठकीत प्रत्येकाने घरच्या महिन्याच्या तेलाचा आकडा घेऊन यावं, हा एक गृहपाठ दिला तरी निम्मी शिकवणी होते. बायकोला पहारेकरी करू नये. ती आधीच रोडगे आणि पाटोडीच्या रश्श्यात तेल कमी घातल्याबद्दल बोलणी खाते.

दारूचा प्रश्न तर इथे विचित्रच आहे. स्कॉटलंडमध्ये बिअरच्या कॅलरी हा उघड चर्चेचा विषय होता. किती पाइंट प्यायलो ते माणूस हसत सांगायचा. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. दारू मिळत नाही असं कोणी म्हणणार नाही, पण ती पितो असं फॉर्मवर लिहिणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. परिणामी वजनाचं एक मोठं कारण बोलण्याच्या बाहेर राहतं. यावर उपाय कागदाबाहेरचाच आहे. प्रशिक्षकाने सगळ्यांसमोर, कुणाचं नाव न घेता, एका क्वार्टरमध्ये किती भाकरींएवढ्या कॅलरी असतात एवढं सांगायचं आणि पुढे जायचं. खर्ऱ्याचंही असंच. त्यातली तंबाखू भूक मारते. सिगारेट सोडणाऱ्यांचं वजन पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलोंनी वाढतं, हे सिद्ध झालंय. तेव्हा एकाच महिन्यात खर्रा सोडा आणि वजनही उतरवा असा दुहेरी हट्ट धरला, तर माणूस दोन्हींना रामराम ठोकेल. आधी खर्रा सोडवावा. काटा थांबू शकतो, तोंडाचा कॅन्सर थांबत नाही.

२०२५ साली मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन घटवणारी इंजेक्शनं भारतात आली. ती प्रभावी आहेत, यात वाद नाही. ती कुणासाठी आहेत ते डॉक्टर ठरवतील. पण ती घेतानाही स्नायू टिकवायला व्यायाम लागतोच, आणि सोडल्यावर वजन परत येतं. म्हणजे मैदानाची गरज संपत नाही, फक्त श्रीमंताला तिथे उशिरा पोहोचायची सवलत मिळते.

शेवटी टिकवण्याचा प्रश्न, ज्यावर सगळे प्रयोग अडखळले. बारा आठवडे कोणीही काढतो. तेराव्या आठवड्यात कोण बोलावतं? इथे वर्ध्याकडे एक जुना नमुना आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने गावांसाठी आरोग्य विमा चालवला, ज्यात शेतकरी हंगामानंतर ज्वारी देऊन सदस्य व्हायचे. तो एकेकट्या माणसाचा नव्हता. गावातली पुरेशी कुटुंबं सामील झाली तरच गावाला सवलत. आपण मागे राहिलो तर गाव मागे राहील, हा दाब त्यात होता. ढेरीवाल्यांच्या तुकडीलाही असंच बांधता येईल: दहा जणांपैकी आठ जण सहा महिन्यांनी मोजणीला आले तर पुढच्या वर्षीच्या सामन्यांचं मैदान आणि बॅनरचा खर्च मंडळाला मिळेल, नाहीतर नाही. प्रत्येकाने आधी थोडी रक्कम किंवा एक पायली ज्वारी ठेवायची. फुकट मिळालेल्या टी-शर्टपेक्षा आपल्या घरच्या ज्वारीची ओढ जास्त.

आणि मोजायला माणसं आहेत. सेवाग्रामला १९६९ साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयात दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांची तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे शिबिर करते आणि पुढेही त्या गावात जात राहते. विद्यार्थी अजून डॉक्टर नसतो, म्हणून गावकऱ्याला त्याची भीती वाटत नाही. त्याच्या हातात टेप असतो आणि वय साधारण त्या कबड्डीच्या पोरांएवढंच. संध्याकाळी सराव सुरू व्हायच्या आधी तो मैदानावर आला, पंधरा-वीस काकांच्या कंबरा मोजल्या, वहीत लिहिल्या आणि मागच्या वेळचा आकडा मोठ्याने वाचून दाखवला, की चाचणीला लागणारी सगळी आकडेवारी त्या वहीतच जमा होते. सहा गावांत तुकडी चालवायची, सहा गावांत एक वर्ष थांबायचं. स्कॉटलंडमध्ये वाट पाहणाऱ्या गटाला वर्षानंतर तोच कार्यक्रम दिला होता, तसं इथेही त्या सहा गावांना पुढच्या पोळ्यानंतर मैदान मिळेल. खर्च एका तालुका क्रीडा महोत्सवाच्या मंडपापेक्षा जास्त येणार नाही.